टीएन सेलचा पाहण्याचा कोन: एक काच प्रकाशाने, दुसरी घासून (प्रकल्प नोंदी)

३ फेब्रुवारी

साध्या टीएन सेलला (ट्विस्टेड नेमॅटिक: दोन काचांमधला द्रवस्फटिक एका काचेपासून दुसरीपर्यंत पिळलेला) पाहण्याची एक बाजू चांगली आणि एक वाईट का असते, हे आधी लिहून ठेवतो. पुढची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. अर्धवट व्होल्टेजला सेलच्या मधल्या थरातले रेणू एकाच दिशेने कलतात. ज्या बाजूला ते कलले त्या बाजूने पाहिले की नजर रेणूंच्या लांबीला समांतर जाते. तिथे द्विअपवर्तन (दोन ध्रुवणांना वेगवेगळा अपवर्तनांक असणे) जवळजवळ दिसतच नाही, आणि मधली ग्रे पातळी काळी पडते. आणखी तिरके गेलो की ती पुन्हा उजळू लागते आणि पातळ्यांचा क्रम उलटतो. विरुद्ध बाजूला उलटापालट होत नाही, तिथे चित्र फक्त फिके पडते.

उपाय जुनाच आहे: पिक्सेलचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात कल वेगळ्या दिशेला द्यायचा. हे करताना रेझिस्ट (प्रकाशसंवेदी आवरण) लावून पॉलिइमाइड (रेणूंना दिशा देणारा काचेवरचा थर) दोनदा घासले जाते. रेझिस्ट धुणारे डेव्हलपर आणि स्ट्रिपर त्या थराला चाटून जातात आणि प्रीटिल्ट (काचेलगतच्या रेणूंचा व्होल्टेजशिवायचा कल) घसरतो. म्हणून इथे कामाची वाटणी केली आहे. वरची काच घासलेली: ती फक्त प्रीटिल्टचे चिन्ह ठरवेल. खालची काच प्रकाशाने जुळवलेली, प्रीटिल्ट शून्य: ती फक्त ट्विस्ट (रेणूंचा पीळ) कोणत्या हाताला जाणार हे ठरवेल.

मोजमापाची चौकट: वरच्या काचेवर रेणूंचे उचललेले टोक जिकडे, ती दिशा ०°. खालच्या काचेवर क पट्टा ८५° आणि ख पट्टा ९५°. जुळणीच्या अक्षाला डोके-शेपूट नसते, त्यामुळे ९५° म्हणजेच −८५°. द्रवस्फटिक जवळचा रस्ता धरतो. क मध्ये +८५° ट्विस्ट होईल आणि मधले रेणू ४२.५° कडे कलतील. ख मध्ये −८५° आणि कल −४२.५° कडे. कायरल डोपंट (पिळाचा हात ठरवणारा मिसळ-पदार्थ) घालायचा नाही. तो दोन्ही पट्ट्यांना एकाच हाताला ओढेल.

ट्विस्टची ऊर्जा कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. (९५/८५)² = १.२५, म्हणजे चुकीच्या हाताला जायला पाव पट ऊर्जा जास्त लागते. ९०° भोवती ±५° च्या जागी ±२° घेतले तर हा फरक ९ टक्क्यांवर येतो. कोन किती लहान चालतो ते नंतर पाहू.

५ फेब्रुवारी

काचा: २५ × २५ मिमी, १.१ मिमी जाड, आयटीओ (पारदर्शक वाहक थर) लावलेल्या. धुण्याचा क्रम: डिटर्जंटमध्ये अल्ट्रासॉनिक १० मिनिटे, डीआयोनाइज्ड पाणी दोनदा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायट्रोजनने सुकवणे, यूव्ही-ओझोन १५ मिनिटे. ओझोननंतर तासाभरात थर चढवायचा. काच उघडी पडून राहिली तर कडेला थर आक्रसतो.

द्रवस्फटिक ई७. त्याचे द्विअपवर्तन हिरव्या प्रकाशाला ०.२२५ धरले. ५५० नॅनोमीटरला टीएनचे पहिले मिनिमम (समांतर पोलरायझरांतून सर्वांत कमी प्रकाश जाण्याची स्थिती) येते तेव्हा जाडी × द्विअपवर्तन = (√३/२) × ५५० = ४७६ नॅनोमीटर, म्हणजे जाडी २.१ मायक्रोमीटर. स्वच्छ खोलीबाहेर एवढी फट ठेवणे म्हणजे धुळीशी पैज लावणे. दुसरे मिनिमम (√१५/२) १०६५ नॅनोमीटरला, जाडी ४.७ मायक्रोमीटर. ५ मायक्रोमीटरचे सिलिका स्पेसर हाताशी आहेत, तेच वापरले. दुसऱ्या मिनिममला तिरक्या कोनातली वागणूक पहिल्यापेक्षा वाईट असते, त्यामुळे तुलना फक्त सारख्या जाडीच्या सेलमध्येच करायची.

८ फेब्रुवारी

तालीम म्हणून दोन्ही काचांवर पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल). पाण्यात १ टक्का, काच फिरवून थर चढवताना मिनिटाला ३००० फेरे ३० सेकंद, ११० °से. ला ३० मिनिटे, मग मखमलीने घासले. व्होल्टेज नसताना सेल सुरेख दिसतो. १.३ व्होल्टला मात्र नकाशासारखे ठिपके उमटले. सेल डावीकडे कलवला की काही ठिपके काळे आणि बाकीचे उजळ, उजवीकडे कलवला की नेमके उलट. हा रिव्हर्स टिल्ट. पीव्हीएचा प्रीटिल्ट जवळजवळ शून्य असल्याने कल कुठल्या बाजूला घ्यायचा हे रेणूंना कोणी सांगितलेलेच नाही. स्पेसर, कडा, ओरखडा, जे जवळ असेल त्याचे ते ऐकतात.

सरासरी काढली तर हेसुद्धा एक प्रकारचे बहुडोमेनच आहे (डोमेन म्हणजे एकाच दिशेने कललेला तुकडा). पण ठिपक्यांच्या सीमा दर वेळी वेगळ्या जागी पडतात आणि ५ व्होल्टला चमकतात. पीव्हीए बाद.

१० फेब्रुवारी

वरच्या काचेसाठी पॉलिइमाइड. २५०० फेरे ३० सेकंद, ८० °से. ला २ मिनिटे, मग २३० °से. ला १ तास. शेवटची भाजणी कमी पडली तर घासताना थर सुटतो आणि पांढरट भुकटी कापडावर येते. हीच खूण.

रबिंग ड्रमने. त्रिज्या ४० मिमी, ६०० फेरे प्रति मिनिट, टेबलाचा वेग २० मिमी प्रति सेकंद, कापडाचा स्पर्श साधारण १० मिमी, एकच फेरी. ड्रमच्या पृष्ठाचा वेग २५१३ मिमी प्रति सेकंद, म्हणजे टेबलाच्या १२६ पट. टेबल उलट्या दिशेने सरकत असल्याने रबिंग लांबी १० × (१२६ + १) = सुमारे १२७० मिमी. दाब वाढवून स्पर्श रुंद करण्यापेक्षा फेरी वाढवलेली बरी. जास्त दाबाने पडलेले बारीक चरे काळ्या अवस्थेत रेघा होऊन दिसतात, आणि त्या पुन्हा जात नाहीत. घासल्यावर आयनाइज्ड हवेचा झोत मारायचा. कोरड्या खोलीत स्थिर विद्युतभार धूळ ओढतो.

प्रीटिल्ट मोजण्यासाठी अँटीपॅरलल सेल केला: दोन्ही काचा पॉलिइमाइडच्या, रबिंग विरुद्ध, ई७ भरलेला. एकमेकांना काटकोनात असलेल्या पोलरायझरांमध्ये रबिंग ४५° ला ठेवून सेल फिरवला आणि लेझरची तीव्रता ज्या कोनाभोवती सममित आहे तो शोधला. तो ९.८° आला. ज्या (साइन) ९.८° = ०.१७०, त्याला दोन अपवर्तनांकांच्या बेरजेने, म्हणजे १.५२ + १.७४ = ३.२६ ने भागले की ०.०५२. प्रीटिल्ट ३.०°. कामापुरता पुरे.

१३ फेब्रुवारी

खालच्या काचेसाठी ब्रिलियंट यलो हा अॅझो रंग. ५० मिलिग्रॅम रंग, ५ ग्रॅम डायमिथाइल फॉर्मामाइड (डीएमएफ), ०.२ मायक्रोमीटरच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळून. १५०० फेरे ३० सेकंद, १२० °से. ला १५ मिनिटे. डीएमएफ त्वचेतून शरीरात जातो आणि यकृताला घातक आहे. नायट्राइलचे हातमोजे त्यापुढे फार वेळ टिकत नाहीत. ब्युटाइल रबरचे वापरावेत, आणि सगळे काम फ्यूम हूडखाली.

ध्रुवित ४५० नॅनोमीटर एलईडी, २० मिलिवॅट प्रति चौ.सेंमी, ५ मिनिटे, म्हणजे ६ जूल प्रति चौ.सेंमी. रंगाचे रेणू प्रकाश शोषून फिरत राहतात आणि शेवटी ध्रुवणाला काटकोनात विसावतात, कारण तिथे त्यांना प्रकाश शोषताच येत नाही.

जुळणी आली पण ढिसाळ. क्रॉस केलेल्या पोलरायझरांत काळे पुरते काळे होत नाही, आणि थरावर धुरकट ढगासारखा पोत. खोलीची आर्द्रता ६६ टक्के होती.

१४ फेब्रुवारी

तीच कृती, पण स्पिनरला आच्छादन घालून आत कोरडा नायट्रोजन सोडला. आर्द्रता ३५ टक्के. ढग गेला, काळे गडद झाले. बाकी काहीही बदललेले नाही. ब्रिलियंट यलोला हवेतला ओलावा फार बाधतो. ४० टक्क्यांच्या वर थर चढवायचाच नाही. भाजल्यानंतर प्रकाश पडेपर्यंतच्या काळातसुद्धा काच सिलिका जेलच्या डब्यात ठेवायची.

१७ फेब्रुवारी

पट्ट्यांचा मास्क: १०० मायक्रोमीटर पट्टा, १०० मायक्रोमीटर फट, फोटोप्लॉट फिल्मवर. इमल्शनची बाजू रंगाच्या थराला टेकवायची. मध्ये ०.१ मिमी फट राहिली आणि प्रकाशाचा अर्धविस्तार ५° असला तर कडा ९ मायक्रोमीटर पसरते. एवढे चालते. फिल्म उलटी टेकवली तर तिची स्वतःची जाडी त्यात मिळते, ते चालत नाही.

पहिला प्रयत्न सरळ विचाराने: आधी सबंध काचेवर ६ जूल, रेणू ८५° ला, मग मास्कमधून ६ जूल, रेणू ९५° ला. हवा होता १०° फरक, मिळाला जेमतेम ३°.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. ८५° ला नीट बसलेला रेणू नव्या ध्रुवणाच्या काटकोनापासून फक्त १०° चळलेला आहे. त्याचे शोषण ज्या² १०° = ०.०३, म्हणजे पूर्ण शोषणाच्या ३ टक्के. प्रकाश त्याला जवळजवळ दिसतच नाही, मग फिरणार कसा? पुनर्लेखनक्षम रंग आहे म्हणून काहीही पुन्हा लिहिता येईल, हा समज ९० अंशांच्या वळणाला ठीक आहे. १० अंशांना नाही.

मग क्रम उलटा केला. कोऱ्या थरावर आधी मास्कमधून ६ जूल (ख पट्टे, ९५°), नंतर मास्क काढून सबंध काचेवर फक्त १.२ जूल (८५°), म्हणजे ६० सेकंद. झाकलेले पट्टे कोरे आहेत, ते लगेच ८५° ला जातात. ख पट्टे आपल्या जागी बसलेले आहेत, ते त्याच ३ टक्क्यांमुळे फारसे हलत नाहीत. फरक ८.६°. मास्क दुसऱ्यांदा सूक्ष्मदर्शीखाली जुळवण्याची कटकटही गेली. राहिलेली घसरण भरून काढायला पहिल्या एक्स्पोजरचे ध्रुवण दीड अंश जास्त ठेवले. आता १०.०° च्या आसपास येते.

पोलरायझर फिरवताना एलईडी हलवायचा नाही. एलईडी हलला की काचेवरची तीव्रता बदलते.

२० फेब्रुवारी

एक सेल रात्रभर पांढऱ्या बॅकलाइटवर राहिला. सकाळी पट्ट्यांमधला फरक पुसट. पांढऱ्या एलईडीचे निळे शिखर ४५० नॅनोमीटरच्या आसपासच असते, म्हणजे आपणच लिहायला जो प्रकाश वापरला तोच. डिस्प्लेमध्ये उघडा अॅझो रंग ठेवणे हे मुळातच चुकीचे.

रंगावर रिअॅक्टिव्ह मेसोजेनचा (यूव्हीने घट्ट होणाऱ्या द्रवस्फटिकाचा) पातळ थर द्यायचा ठरले. आरएम२५७ ०.५ ग्रॅम, टोल्युइन ९.५ ग्रॅम, फोटोइनिशिएटर १५ मिलिग्रॅम. ब्रिलियंट यलो टोल्युइनमध्ये विरघळत नाही, म्हणूनच हे जमते. ३००० फेरे ३० सेकंद, आणि लगेच नायट्रोजनखाली ३६५ नॅनोमीटरने ५ मिनिटे क्युअर. ‘लगेच’ला इथे अर्थ आहे: आरएम२५७ खोलीच्या तापमानाला स्फटिक होऊ पाहतो, आणि मिनिटभर रेंगाळले की थरावर तारे उमटतात. नायट्रोजन नसेल तर ऑक्सिजन वरचा थर कच्चा ठेवतो. बोट फिरवले की चिकट लागतो, आणि असा सेल भरला की कच्चा मेसोजेन ई७ मध्ये विरघळतो.

थर खालची दिशा जशीच्या तशी उचलतो आणि मग कायम ठेवतो. पट्ट्यांचा कोन आता सोयीने मोजता येतो: सूक्ष्मदर्शीखाली काच फिरवून प्रत्येक पट्टा कधी सर्वांत काळा होतो ते पाहायचे. १७ तारखेचे आकडे याच पद्धतीने तपासण्याच्या काचांवर घेतले होते. आता हा थर सगळ्याच सेलमध्ये राहील.

२४ फेब्रुवारी

जोडणी. कडेला यूव्ही गोंद, त्यात वजनाने १ टक्का ५ मायक्रोमीटर स्पेसर, दोन बाजूंना भरण्यासाठी फट. गोंद क्युअर करताना मधला भाग अॅल्युमिनियम फॉइलने झाकायचा.

एक जुना सापळा: वरची काच घासताना तोंड वर असते आणि जोडताना ती पालथी पडते. दिशा आरशातल्यासारखी उलटते. घासल्याबरोबर काचेच्या पाठीवर मार्करने बाण काढायचा, मग चूक होत नाही.

रिकाम्या सेलची जाडी वर्णपटातल्या लाटांवरून: ५८९ आणि ४६१ नॅनोमीटरच्या शिखरांमध्ये पाच लाटा. जाडी = ५ × ५८९ × ४६१ ÷ (२ × १२८) = ५.३ मायक्रोमीटर. ४.७ हवी होती. गोंदात धूळ किंवा स्पेसरचे गठ्ठे. स्पेसर गोंदात ढवळून २० मिनिटे अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवले, नव्या सेलवर क्युअर होईपर्यंत क्लँप ठेवला, मग ४.९ मिळाली.

ई७ ७० °से. ला भरला. तो ६० च्या आसपास समदैशिक (रेणूंना ठरावीक दिशा नसलेला द्रव) होतो. त्याखाली भरला तर वाहण्याच्या दिशेची खूण जुळणीवर राहते. मग मिनिटाला १ अंशाने थंड.

२६ फेब्रुवारी

तीन सेल: पट्ट्यांतला कोन ±२°, ±५°, ±१०°.

±२° मध्ये पट्ट्याच्या आत चुकीच्या हाताचे डाग, विशेषतः गोंदाच्या कडेला. ५ व्होल्ट देऊन काढले की डागांची जागा बदलते. ±१०° अगदी स्वच्छ, पण शून्य व्होल्टला उजळपणा कमी: ट्विस्ट ८०° आणि पोलरायझर ९०° ला, म्हणजे काही प्रकाश वाया जाणारच. ±५° ला डाग नाहीत, आणि उजळपणातला फरक डोळ्याला कळत नाही. तोच ठेवला.

क आणि ख मधल्या सीमेवर एक रेघ असते, कारण डाव्या आणि उजव्या ट्विस्टमधून सलग जाता येत नाही. काळ्या अवस्थेत ती चमकते. हिशेब: रेघ ५ मायक्रोमीटर रुंद, दर १०० मायक्रोमीटरला एक, आणि तिच्यातून पांढऱ्याच्या १० टक्के प्रकाश आला असे धरले तर एकूण गळती ०.५ टक्के. बाकी सगळे आदर्श असले तरी कॉन्ट्रास्ट २०० च्या वर जाणार नाही. खऱ्या पॅनेलमध्ये ही सीमा ब्लॅक मॅट्रिक्सखाली (पिक्सेलांमधल्या काळ्या जाळीखाली) लपवता येते. इथे ती सोय नाही, म्हणून पट्टे २०० मायक्रोमीटरचे केले.

१ मार्च

गोनिओमीटर (सेल ठरावीक कोनात फिरवणारे उपकरण) मोजणी. सेल आणि पोलरायझर एकत्र फिरतात, मागे विसरित प्रकाश, समोर ±१° स्वीकृतीचा फोटोडायोड, हिरवा फिल्टर. मोजण्याचा ठिपका ८ मिमी, म्हणजे क-ख च्या २० जोड्या. ठिपका लहान केला तर एक पट्टा जास्त येतो आणि मोजणी एका बाजूला कलते.

ड्राइव्ह १ किलोहर्ट्झ चौरस लहर. डीसी ऑफसेट १० मिलिव्होल्टच्या आत आहे ना, हे ऑसिलोस्कोपवर नव्हे, मल्टिमीटरच्या डीसी पट्टीवर पाहावे. ई७ टीएनची सुरुवात १ व्होल्टच्या आसपास होते. सरळ समोरून पारगमन मोजून त्याचे आठ समान टप्पे पाडले आणि त्या त्या व्होल्टेजला −६०° ते +६०° मोजले. एक पातळी तिच्या खालच्या पातळीला छेदते तो कोन म्हणजे उलटापालट.

संदर्भ सेल: सगळे तसेच, फक्त मास्क नाही, सबंध काच ८५°. जुळणीखेरीज दुसरा फरक नको.

४२.५° च्या उभ्या प्रतलात संदर्भ सेलची मधली पातळी अपेक्षेप्रमाणे खड्ड्यात जाते आणि पलीकडे वर येते. दोन-डोमेन सेलमध्ये क पट्टे तोच खड्डा दाखवतात. ख पट्ट्यांचा कल त्या प्रतलाला जवळजवळ काटकोनात असल्याने ते हळूच बदलतात. बेरजेत खड्डा उथळ झाला आहे आणि मधल्या पातळ्यांचा छेद गेला आहे. सर्वांत गडद दोन पातळ्या अजून छेदतात. ±९०° कडे पाहिले तर दोन्ही बाजू आरशासारख्या.

०° आणि १८०° मध्ये मात्र फरक कायम. दोन्ही डोमेनचा कल ०° च्या अंगालाच आहे, त्यामुळे त्या अक्षावर सरासरी काढायला विरुद्ध असे काहीच नाही. हे कागदावर आधीच दिसत होते. पण पहिल्या मोजणीत सेल चुकून ९०° फिरवलेला होता आणि चारही बाजू सुधारल्याचा भास झाला. होल्डरवर ०° ची खूण कोरून टाकली.

७ मार्च

चार डोमेन. वरच्या काचेचा अर्धा भाग २५ मायक्रोमीटरच्या पॉलिइमाइड पट्टीने झाकून दुसरा अर्धा उलट दिशेने घासला. पट्टीच्या कडेपासून १ मिमीचा भाग फुकट जातो, कारण कापडाचे केस पायरीवरून उडी मारतात. चिकटाचा अंश राहिला तर तिथे जुळणीच येत नाही. म्हणून पट्टीला गोंद फक्त काचेच्या बाहेर येणाऱ्या टोकांना.

एका अर्ध्यात कल ±४२.५°, दुसऱ्यात ±१३७.५°. मोजण्याचा ठिपका दोन्ही अर्ध्यांवर समान पडेल असा ठेवला, मधला फुकट भाग काळ्या पट्टीने झाकला. आता ०°-१८०° सुद्धा सममित. मिलिमीटरांतले हे तुकडे डोळा एकत्र करत नाही, पॅनेल म्हणून हे निरुपयोगी. पण मांडणी बरोबर आहे एवढे ठरते. बारीक तुकड्यांसाठी प्रीटिल्टही प्रकाशानेच, तिरक्या एक्स्पोजरने द्यावा लागेल.

एक गोष्ट चार डोमेनने सुटली नाही आणि सुटणारही नाही: तिरक्या कोनात काळे उजळ दिसणे. डोमेन वाटणी पातळ्यांचा क्रम सांभाळते, काळेपणा नाही. एका बाजूची गळती चारही बाजूंना वाटली जाते, इतकेच. संदर्भ सेलच्या चांगल्या बाजूचा कॉन्ट्रास्ट चार-डोमेन सेलपेक्षा जास्त आहे. काळे सुधारायचे तर काचेजवळच्या न उभ्या राहिलेल्या रेणूंची भरपाई करणारी फिल्म बाहेरून लावावी लागते. ती जुळणीच्या कक्षेबाहेर.

१२ मार्च

द्रवस्फटिक बदलला: झेडएलआय-४७९२, द्विअपवर्तन ०.०९७. ४.९ मायक्रोमीटरला गुणाकार ४७५ नॅनोमीटर, म्हणजे त्याच स्पेसरवर पहिले मिनिमम. क्लिअरिंग (समदैशिक होण्याचे तापमान) ९२ °से., म्हणून भरणे १०० ला. मेसोजेनच्या थराखालची जुळणी या तापमानाला हलली नाही. सुरुवात सुमारे १.८ व्होल्ट, कारण परावैद्युत फरक ई७ च्या निम्म्याहून कमी. पातळ्यांची व्होल्टेज नव्याने पाडली.

गडद दोन पातळ्यांचा जो छेद ई७ मध्ये उरला होता तो आणखी तिरक्या कोनाकडे सरकला, आणि शून्य व्होल्टला तिरके पाहताना येणारी पिवळट झाक कमी झाली. ±५° ला डाग नाहीत. सीमेची रेघ आहे तशी आहे.

पुढचा मास्क आखताना पट्ट्यांच्या सीमांवर १२ मायक्रोमीटरची क्रोम रेघ वरच्या काचेवर, आयटीओच्या खाली, घ्यायची. जोडताना ती खालच्या पट्ट्यांशी ±३ मायक्रोमीटरमध्ये जुळली पाहिजे, आणि सध्याच्या जिगमध्ये (काचा जुळवून धरणाऱ्या साच्यात) ते बसत नाही.